‘जोर लावा, हात आपोआप सुधारतील’: एका फॉरवर्डचा मुद्देसूद समाचार

संधिवात असलेल्यांसाठी ‘सोप्या युक्त्या’ म्हणून एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मतितार्थ असा: घट्ट झाकणं उघडणं हाच हातांचा व्यायाम, ओपनर वापरलात तर हात लुळे पडतील, बरणी उघडेना तर ती गरम पाण्यात उलटी धरा आणि बुडावर थाप मारा, तरीही नाही तर सुरीचं टोक आहेच, पाकिटं दातांनी फाडा, महिन्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून एकदम सोडवून डबीत भरा, आणि औषधाच्या बाटलीचं झाकण चाचण्या घेऊनच बनवलेलं असतं, ते उघडत नसेल तर चूक तुमची. यातल्या एकदोन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, म्हणून तर मेसेज पटतो.

‘झाकण उघडणं हाच व्यायाम’

चिमटीत एखादी वस्तू 1 किलोच्या जोराने दाबली, की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर साधारण 12 किलोचा भार येतो. टोकाला लावलेला जोर मुळापर्यंत पोचेतो असा वाढतो. सांध्यांची झीज हातात सुरू झाली की हा सांधा बहुधा लवकर कुरकुरतो. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) झिजलेली, सांधा धरून ठेवणारे बंध सैल पडलेले आणि त्यावर पिळाचा झटका, याला व्यायाम म्हणणं म्हणजे लंगडणाऱ्याला जिन्यावरून उडी मारायला सांगणं आहे.

व्यायामाचा फायदा खरा आहे, त्यात वाद नाही. आमवात (शरीराची प्रतिकारशक्तीच सांधे सुजवते तो संधिवात) असलेल्या 490 जणांवर ब्रिटनमध्ये झालेली एक चाचणी 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारांना हाताचे ताण देण्याचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम जोडले, तेव्हा हाताचं काम अधिक सुधारलं. पण त्या व्यायामात भार मोजून, हळूहळू वाढवत नेलेला असतो आणि दुखलं की कमी करता येतो. अडलेलं झाकण ती सवलत देत नाही. ते सुटेपर्यंत जोर वाढतच जातो. हातातल्या सांध्यांच्या झिजेसाठी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने 2018 मध्ये शिफारशी सुधारल्या. त्यांत सहायक साधनांचा पर्याय प्रत्येक रुग्णापुढे ठेवावा असं म्हटलं आहे, आणि व्यायामाची शिफारसही त्याच यादीत आहे. साधन की व्यायाम, असा झगडा मेसेजवाल्यानेच उभा केलेला आहे.

एक साधी कसोटी: काम झाल्यावर दोन तासांनीही दुखणं चढलेलंच असेल, तर भार जास्त झाला. शिवाय आमवातात सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, त्यामुळे नवी बरणी सकाळी उठल्या उठल्या उघडायला घेऊच नये.

‘गरम पाणी आणि बुडावर थाप’

इथे आधी झाकण कशाने अडतं ते पाहायला हवं. गरम माल भरून बंद केलेल्या बरणीत थंड झाल्यावर हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाबते. 7 सेंमी व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ 38 चौ. सेंमी भरतं. आतला दाब बाहेरच्या निम्मा धरला, तरी झाकणावर जवळजवळ 19 किलो वजन बसलेलं आहे. त्यात झाकणाच्या आतलं मऊ प्लास्टिकचं अस्तर काचेला चिकटतं. एकदा उघडून ठेवलेल्या बरणीत हवेचा प्रश्न नसतो. तिथे आट्यांत वाळलेला साखरेचा चिकटा असतो. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं.

न उघडलेल्या बरणीचं धातूचं झाकण असेल तर पिळण्याआधी हवा सोडा. त्यासाठी कड उचलणारं प्लास्टिकचं छोटं ओपनर मिळतं: त्याचा ओठ झाकणाच्या कडेखाली अडकवायचा, अंग झाकणावर टेकवायचं आणि दांडा तळहाताने वर उचलायचा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि झाकणाच्या मध्यावरचा खोलगट गोल वर येतो. एवढं झालं की झाकण सहसा पाव फेऱ्यात सुटतं. चुकतं ते इथे: आवाज येण्याआधीच लोक पिळायला लागतात. एका जागी आवाज आला नाही तर ओपनर थोडा सरकवून पुन्हा उचला. प्लास्टिकच्या झाकणावर ही युक्ती चालत नाही. आणि तो गोल उघडण्याआधीच वर आलेला असेल तर बरणीचं सील आधीच गेलेलं असू शकतं. ती बरणी खाण्यात घेऊ नका.

आता गरम पाणी. धातू फुगून झाकण सैल होतं असं सांगतात, पण 7 सेंमीचं पोलादी झाकण 40 अंशांनी तापलं तर त्याचा व्यास जेमतेम 0.03 मिमी वाढतो. खरं काम होतं ते अस्तर मऊ पडण्याचं आणि चिकटा विरघळण्याचं. म्हणून बरणी उलटी धरून बुडवायची गरजच नाही; ओली जड बरणी उलटी पेलणं हीच दुखऱ्या हाताची कसरत आहे. बरणी सिंकमध्ये उभी ठेवा, नळाच्या गरम पाण्याची धार अर्धा ते एक मिनिट फक्त झाकणाच्या कडेवर सोडा. उकळतं पाणी नको, आणि फ्रिजमधून नुकतीच काढलेली बरणी तर नकोच, काच तडकते. मग झाकण आणि हात दोन्ही कोरडे करा. हे पुसणं बहुतेक जण विसरतात, आणि ओल्या झाकणावर हात सटकला की पकड आणखी आवळतात, म्हणजे मूळ दुखणं तिथेच परत.

थाप कधीमधी लागू पडते, पण दाट मालात नाही, आणि तिचा हादरा मनगटालाही बसतो. झाकणाची कड ओट्यावर आपटली तर काचेचा टवका आत पडू शकतो. त्यापेक्षा पकड बदला. बरणी कमरेपेक्षा खाली, रबरी चटईवर ठेवा. झाकणावर सिलिकॉनचा किंवा रबराचा तुकडा टाका, बोटांनी कवळण्याऐवजी तळहात सपाट ठेवा, कोपर जवळजवळ सरळ धरा आणि खांद्यातून वळवा. दुसऱ्या हाताने बरणी आवळून धरण्यातही तितकाच भार असतो, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून अर्ध्या उघड्या ड्रॉवरमध्ये बरणी उभी करून ड्रॉवर कमरेने रेटून धरा. एवढ्यावरही न सुटल्यास लांब दांड्याचं पट्ट्याचं ओपनर. 7 सेंमीच्या झाकणाच्या कडेला लागणारा जोर 20 सेंमी दांड्याच्या टोकाला जवळजवळ सहाव्या हिश्शावर येतो.

पाण्याच्या बाटलीचं बूच याहून वाईट, कारण ते 3 सेंमीहूनही लहान असतं आणि चिमटीशिवाय धरता येत नाही. शिवाय खालच्या कड्याचे प्लास्टिकचे टाके तोडायचे असतात. इथे अडकित्त्यासारखी दोन दांड्यांची पकड घ्यावी, म्हणजे अख्खी मूठ कामाला लागते. बाटली मात्र मानेपाशी धरा. पोटाशी धरली तर दबते आणि बूच सुटताक्षणी पाणी अंगावर येतं.

‘सुरीचं टोक’ आणि ‘दातांनी फाडा’

कमजोर पकडीत सुरी सटकली की दुसऱ्या हाताच्या तळव्यात जाते, आणि आमवाताच्या काही औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो. दातांचं म्हणाल तर आमवात जबड्याच्या सांध्यातही येतो, आणि काहींना त्यासोबत तोंड कोरडं पडण्याचा विकार होऊन दात किडके-ठिसूळ झालेले असतात. आपोआप उघडणारी, स्प्रिंगची कात्री घ्या: ती फक्त मिटावी लागते. पाकीट हातात तोलून न धरता टेबलावर आडवं ठेवा, पाते टेबलालगत चालवा. कडक प्लास्टिकचे दोन भाग जोडून केलेलं वेष्टन तीन बाजूंनी, चिकटवलेल्या पट्टीच्या आतून कापा; दोनच बाजू कापून ओढलं तर प्लास्टिकची धार बोटं चिरते. ओढून उघडायच्या डब्याची कडी चमच्याच्या दांड्याने उचला. ते डबे उलटे करून नेहमीच्या ओपनरने कापायचा सल्लाही फिरतो, पण अनेकांच्या बुडाला जोडाची कडच नसते, ओपनर धरणार कशाला?

‘महिन्याच्या गोळ्या एकदम सोडवा’

काही गोळ्या दमट हवेत खराब होतात, काही उजेडात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या तर मूळ काचेच्या बाटलीतच ठेवायच्या असतात. कोणती गोळी बाहेर काढून ठेवता येते ते औषधविक्रेत्याला विचारा आणि फारतर आठवड्याच्या भरा. स्ट्रिप अंगठ्याने दाबण्याऐवजी लहान पेल्याच्या तोंडावर, फॉइल खाली करून ठेवा आणि चमच्याच्या बोथट दांड्याने वरून दाबा. गोळी पेल्यात पडते. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांची फॉइल बहुधा सोलायची असते, दाबलं तर गोळीचा चुरा होतो. सोयीसाठी स्ट्रिपचे एकेका गोळीचे चौकोन कापून ठेवू नका. घाईत गोळी चौकोनासकट गिळली जाते आणि त्याचे कोपरे अन्ननलिका फाडतात.

‘झाकण चाचणीत पास झालेलं असतं’

लहान मुलांना न उघडणाऱ्या झाकणांची अमेरिकी चाचणी 50 ते 70 वयाच्या माणसांवर घेतात. ज्याला झाकण पाच मिनिटांत उघडत नाही, त्याला दोन साधी झाकणं देतात. तीही प्रत्येकी एका मिनिटात उघडून बंद करता आली नाहीत तर त्याची गणनाच होत नाही. म्हणजे साधं झाकणही ज्यांना उघडत नाही ते हात निकालातून आधीच वगळलेले. पास झालेलं झाकण तुम्हाला उघडलंच पाहिजे, हे या चाचणीतून निघत नाही.

दाबून फिरवायचं झाकण असेल तर बाटली टेबलावर रबरी चटईवर ठेवा, तळहाताच्या मनगटाकडच्या गादीने सरळ खाली दाबा आणि दाब न सोडता वळवा. ‘कट् कट्’ वाजून झाकण नुसतंच फिरत राहिलं तर दाब मधेच सुटतो आहे. दोन बाजूंनी चिमटून फिरवायच्या झाकणाशी झगडू नका. औषधविक्रेत्याकडे साधं झाकण मागा, पुष्कळ ठिकाणी सांगितलं तर बदलून मिळतं. मग ती बाटली कुलपात ठेवा, घरात मुलं पाहुणी म्हणूनच येत असली तरी. लोहाच्या गोळ्या आणि पॅरासिटामॉल यांच्या बाबतीत तर हयगय नको. अवघड झाकण अर्धवट लावून ठेवण्यात मात्र काही हशील नाही: ते मुलांनाही उघडतं आणि औषधालाही दमट हवा लागते.