घंटा, भोंगा आणि रात्रीचे दहा

महाराष्ट्रात भोंग्यांचा वाद पेटला की परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने ‘आमच्याकडे असले काही चालत नाही’ असे म्हणावे, अशी प्रथाच पडून गेली आहे. मी जर्मनीतील कोलोन शहरात राहतो आणि मला ते वाक्य म्हणता येत नाही, कारण ते खरे नाही. या शहराच्या कॅथीड्रलमध्ये १९२३ साली ओतलेली, सुमारे २४ टन वजनाची एक घंटा आहे आणि मोठ्या सणांना ती वाजते. रविवारी सकाळी वस्त्यावस्त्यांतली चर्चही आपापल्या घंटा वाजवतात. कार्निवलच्या दिवसांत त्सुल्पिखर श्ट्रासे या रस्त्याच्या आसपास राहणारे लोक जे सोसतात, ते पाहिले तर पुण्यातील लक्ष्मी रस्त्याच्या रहिवाशांना ते आपल्यापैकीच वाटतील.

कायदाही फारसा वेगळा नाही. भारतातील ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास त्यांनी मनाई केली आहे आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. जर्मनीतही शांततेचे तास रात्री दहा ते सकाळी सहा हेच आहेत, आणि यंत्रांच्या आवाजासाठी साधारण निवासी वस्तीतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४० डेसिबल आहे. पाच डेसिबलच्या फरकातून दोन समाजांमधील अंतर समजावून सांगता येणार नाही.

शिवाय जर्मन व्यवस्था धर्माच्या बाबतीत पूर्णपणे तटस्थ आहे, असेही नाही. रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून थेट राज्यघटनेत संरक्षित आहे. प्रार्थनेसाठी बोलावणारी घंटा धर्मस्वातंत्र्याच्या कक्षेत येते आणि शेजाऱ्यांनी ती सामान्यतः सहन करावी, असे न्यायालये मानत आली आहेत. किती वाजले हे सांगणारा ठोका मात्र, तो त्याच मनोऱ्यातून आणि त्याच घंटेवर पडत असला तरी, उपासनेचा भाग नाही, आणि १९९२ साली संघराज्याच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याला इतर कोणत्याही आवाजाचेच नियम लावले. हातात घड्याळ आले, खिशात फोन आला, तेव्हा वेळ सांगण्यासाठी रात्री दोन वाजता सगळ्या गावाला उठवण्याची गरज उरली नाही, हे अनेक चर्चनी पुढे स्वतःच मान्य केले. मला या भेदाचे अप्रूप वाटते, कारण तो आवाज कोणत्या धर्माचा आहे हे विचारत नाही, आवाजाचे काम काय आहे ते विचारतो.

याच शहरात एहरेनफेल्ड भागातील मोठ्या मशिदीतून १४ ऑक्टोबर २०२२ रोजी पहिल्यांदा ध्वनिक्षेपकावरून अजान झाली. त्याआधी महापालिकेने अटी घातल्या होत्या: फक्त शुक्रवारी, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, जास्तीत जास्त पाच मिनिटे, आवाजाची मर्यादा परिसर पाहून ठरवायची, शेजाऱ्यांना पत्रके वाटून आधी कल्पना द्यायची, आणि तक्रार ऐकण्यासाठी मशिदीने एक जबाबदार व्यक्ती नेमायची. यावरही इथे पुष्कळ वाद झाला आणि निदर्शने झाली. घंटेला न लागणाऱ्या अटी अजानला का, हा मुसलमानांचा प्रश्न अजूनही अनुत्तरित आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

तरीही त्या अटींमधली शेवटची अट मी महाराष्ट्रासाठी मागून घेईन. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला आणि चुनाभट्टी भागातील गृहनिर्माण संस्थांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यातले वाक्य सगळीकडे फिरले. त्याच निकालात पोलिसांना आणखी एक सूचना होती, की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि त्याचे नाव उघड होऊ देऊ नये. त्या सूचनेची चर्चा फारशी झाली नाही, पण आपल्या समाजाविषयी ती अधिक सांगते. आवाज सोसेना म्हणून फोन करणाऱ्या माणसाला न्यायालयाने लपवावे लागते, कारण फोन ठेवताक्षणी तो ‘झोपमोड झालेला शेजारी’ राहत नाही, ‘धर्माचा विरोधक’ होतो. पुढे मुंबईत दीड हजारांहून अधिक भोंगे उतरवले गेले आणि बहुतेक ठिकाणी ही बातमी कोण जिंकले आणि कोण हरले अशाच सुरात सांगितली गेली. त्या आवाजाने कोणाची झोप मोडत होती, हा मूळ प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

भोंगे उतरल्यावर मुंबईतील काही मशिदींनी अजान थेट फोनवर ऐकवणाऱ्या ॲपची मदत घेतली. सिद्धिविनायकाची आरती आपण कित्येक वर्षे पडद्यावर पाहतच आहोत. मग घंटेच्या ठोक्याला लावलेला न्याय भोंग्याला लावून, बोलावण्याचे काम आता फोन करतो म्हणून भोंग्याची गरज संपली, असे म्हणावे काय? मीही काही काळ असेच म्हणत असे, पण जर्मनीतीलच एका घटनेने या युक्तिवादाला खीळ घातली. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात आणि आसपास आलेल्या पुरात या देशात १८० हून अधिक माणसे गेली. धोक्याची सूचना देणारे गावोगावचे भोंगे शीतयुद्ध संपल्यावर अनावश्यक म्हणून काढून टाकले गेले होते, आणि इशाऱ्याचे ॲप असूनही असंख्य लोकांपर्यंत इशारा वेळेत पोहोचला नाही. त्यानंतर मोबाइल मनोऱ्यावरून परिसरातल्या फोनवर एकाच वेळी इशारा पाठवण्याची व्यवस्था आली हे खरे, पण त्याचबरोबर सरकारने पैसे देऊन भोंगेही पुन्हा बसवायला घेतले. फोन एकेकट्या माणसाला हाक मारतो, आणि तो बंद असेल किंवा उशीखाली असेल, तर हाक तिथेच संपते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने ओळखली. तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास गावाने टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुलांचा अभ्यास घ्यावा, असे ग्रामसभेत ठरले. देवळावरच्या भोंग्याविरुद्ध या गावातून ओरड झाल्याचे ऐकिवात नाही, आणि त्याचे कारण मला उघड दिसते: तो कशासाठी, किती वाजता आणि किती वेळ, हे आधी गावाने बसून ठरवले.

आम्हा परदेशस्थांचे वागणे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. इथला आमचा गणेशोत्सव भाड्याच्या सभागृहात होतो. ढोल-ताशा दुपारी वाजतो, दहाच्या आत आरती आटोपून खुर्च्या जागेवर लावलेल्या असतात, आणि त्यामुळे कोणाची श्रद्धा उणी झाल्याचे मी पाहिलेले नाही. तीच मंडळी रात्री कोल्हापूर-पुण्याच्या मिरवणुकीतील डीजेच्या भिंतींच्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर ‘हाच खरा जल्लोष’ म्हणून पाठवतात, आणि एखाद्याने वृद्धांचा किंवा आजाऱ्यांचा विषय काढला तर त्याला संस्कृतीचे धडे देतात. दुहेरी काचांच्या खिडक्या लावून झोपणाऱ्याने दुसऱ्याच्या कानांच्या जिवावर धर्माभिमान मिरवू नये, एवढे तरी आपसांत ठरायला हरकत नाही.

नियमांत सवलतीची सोयही आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाची परवानगी देऊ शकते, आणि तशी ती दिली जाते. मला ही तरतूद गैर वाटत नाही; कोलोनलाही कार्निवलमध्ये दहाला झोपवता येत नाही. पण हे दिवस ठरवताना मंडळांचे म्हणणे ऐकले जाते, राजकीय पक्षांचे ऐकले जाते, आणि जिच्या खिडकीखाली डीजे उभा राहणार असतो त्या गल्लीला मात्र ते दिवस वर्तमानपत्रातून कळतात. आवाजाची मर्यादा ध्वनिक्षेपकातच बसवलेली असावी याचा सरकारने विचार करावा, असेही उच्च न्यायालयाने सुचवले आहे. ते यंत्र बसले तर चांगलेच होईल. फक्त त्यातला आकडा देऊळ, मशीद आणि मंडप या तिघांसाठी एकच असावा, आणि तक्रारीसाठी द्यायचा फोन नंबर मंडपाच्या कमानीवर देणगीदारांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.