‘डबा तोच, तरी ग्रुप पसरला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. जूनमध्ये आमच्याकडून नेलेल्या मॅच पेलेटवर (स्पर्धेसाठीच्या शिशाच्या छर्‍यांवर) मुलीचा १० मीटर एअर रायफलचा स्कोअर ६१८च्या आसपास होता. त्याच ब्रँडचे, त्याच ४.५० मिलिमीटर हेड साइजचे (पुढच्या टोकाच्या मापाचे) नवे डबे नेल्यावर तो ६१२वर आला, ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) पसरलाय आणि खाली ओढला जातोय, मधेच एखादा ९ पडतोय, म्हणजे माल डुप्लिकेट आहे, असं तुमचं म्हणणं.

माल अस्सल आहे. इंपोर्टरचं बिल दुकानात कधीही पाहायला मिळेल. पण फरक पडला हे तुमचं निरीक्षण आम्ही खोडून काढणार नाही. आमच्या बिलावर लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाचा नंबर, लिहिलेला असतो. तुमची दोन्ही बिलं काढून पाहिली, लॉट वेगळे आहेत. डब्याच्या तळाशी असलेल्या स्टिकरवरही तो नंबर दिसेल.

पेलेट शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून बनतो. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाच्या मिश्रणात किंचित फरक पडतो. डब्यावर ४.५० छापलेलं असलं तरी दोन लॉटमध्ये हेडचा, स्कर्टच्या (मागच्या पोकळ घेराच्या) जाडीचा बारीक फरक राहतो आणि तो प्रत्येक बॅरलला (नळीला) वेगळा लागतो. हेड सैल बसलं तर पेलेट बॅरलमध्ये किंचित तिरका जातो, घट्ट बसलं तर घर्षणात वेग जातो. शेजारच्या लेनवरच्या मुलाला जो लॉट लागला तो तुमच्या रायफलला लागेलच असं नाही. .२२ रायफलच्या काडतुसांमध्येही हेच आहे, तिथे तर बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या प्रायमरचा फरकही मिसळतो. एली कंपनीच्या टेनेक्स या .२२ काडतुसांच्या डब्यावर लॉट नंबरबरोबर त्या लॉटचा वेग छापतात तो यासाठीच.

आता तुमचे आकडे पाहू. ६० शॉटमध्ये ६ गुण गेले, म्हणजे शॉटमागे ०.१. टार्गेटवर दशांशाची एक पायरी (०.१ गुण) पाव मिलिमीटरची असते. सरासरी पाव मिलिमीटर सरकणं लॉट बदलल्याने सहज होऊ शकतं. त्यातला काही भाग तर नुसत्या झीरोचा (साइट मधावर जुळवण्याचा) असेल: नव्या लॉटचा ग्रुप तेवढाच घट्ट, पण थोडा खाली. साइट न हलवता तोच झीरो ठेवला असेल तर आधी तो तपासा.

९ची गोष्ट मात्र वेगळी. ९.९ पडायला पेलेटचं केंद्र टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त दूर जावं लागतं. १७० मीटर प्रति सेकंद वेगाला १० मीटरवर पेलेट साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वेग ३ मीटरने बदलला तरी फरक जेमतेम ०.६ मिलिमीटर. म्हणून एकट्या वेगावर ९चं खापर फोडता येत नाही. अशा वेळी स्कर्ट चेपलेला पेलेट किंवा नेमबाजाची चूक, या दोन ठिकाणी आधी शोधावं. कुरिअरमध्ये हादरलेल्या डब्यात चेपलेले स्कर्ट असतात. पेलेट उजेडाकडे धरून मागून पाहा, गोल तुटलेला असेल तर बाजूला काढा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की शिशावर पांढरी पूड धरते, तेही पेलेट वापरू नका. वजन करून पेलेट निवडण्यात बरेच जण संध्याकाळ घालवतात. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये एक टक्का फरक असला तरी टार्गेटवर तो दशांशाच्या एका पायरीपेक्षाही कमी दिसतो. वेळ असेल तर तो स्कर्ट पाहण्यात घालवा.

ग्रुप सतत खालीच ओढला जात असेल तर रायफलचा हवेचा सिलिंडरही पाहा. २०० बारचा सिलिंडर ७०च्या आसपास उतरला की अनेक रायफलींचा रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) नीट दाब देत नाही. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो.

लॉटचा निकाल लावायचा तर हातात धरून नाही, रायफल क्लॅम्पमध्ये बसवून. आधी फेल्ट पेलेटने (साफसफाईच्या लोकरी पेलेटने) बॅरल साफ करा, मग नव्या लॉटचे २०-३० शॉट मोजणीत न धरता मारा, कारण जुन्या लॉटचा थर निघून नव्याचा बसायला तेवढे लागतात. नंतर १० शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येक नव्या कागदावर. ग्रुपची रुंदी मोजताना त्याच कागदावरचं एका शॉटचं छिद्र आधी मोजून तेवढं वजा करा. कागद आकसतो, त्यामुळे सरळ ४.५ वजा केलं तर हिशेब चुकतो. पाचातला सर्वांत चांगला ग्रुप पाहून लॉट घेऊ नका, सर्वांत वाईट ग्रुप पाहून ठरवा. जुन्या डब्यातले थोडे पेलेट उरले असतील तर तेही त्याच दिवशी, त्याच सिलिंडरवर मारून पाहा. लॉट दोषी की आणखी काही, हे त्यातूनच कळतं. आणि दोन लॉटचे पेलेट एका डब्यात कधीही एकत्र करू नका. शिसं हाताळल्यावर मुलीला हात धुवायला सांगा, मगच खाणं.

न उघडलेले डबे आम्ही पूर्ण पैसे देऊन परत घेऊ. उघडलेला डबा परत घेता येत नाही, कारण आतला माल त्याच लॉटचा आहे याची खात्री पुढच्या गिऱ्हाइकाला देता येणार नाही. रायफल घेऊन या, क्लॅम्प दुकानात आहे. सध्या आमच्याकडे असलेल्या प्रत्येक लॉटचे पेलेट चाचणीसाठी मोफत देऊ. एक लॉट बसला तर वर्षभर पुरतील एवढे डबे त्याच लॉटचे बाजूला काढून ठेवू, पैसे डबा नेताना द्या. राज्य स्पर्धा तोंडावर असेल तर त्याआधीच या. स्पर्धेच्या आठवड्यात लॉट बदलला तर झीरो बसवायला आणि सरावाला वेळ उरत नाही.