पुरळ माझं, निदान सार्वजनिक

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दाढी करताना दिसलं, मानेवर काहीतरी उठलंय. मी ब्लेड बदललं. दोन दिवसांनी तेच कोपराच्या आतल्या वळीत उठलं. तिथे मी दाढी करत नाही.

महिनाअखेरीस पापण्या सुजल्या, कानामागे भेगा पडल्या आणि मी मीटिंगमध्ये टेबलाखाली पट्टीने कोपर खाजवायला लागलो. तापाचं बरं असतं, लोक कपाळावर हात ठेवतात. खाज म्हटलं की आधी एक पाऊल मागे सरकतात आणि मग तिथून निदान करतात.

आईने सांगलीहून फोनवरच निकाल दिला. "वांगं खाल्लं असशील. नाहीतर ते बाहेरून डब्यात मागवता, ते." आईचं आणि त्या डब्यांचं जुनं वैर आहे. बायकोने मित्राने दुबईहून आणलेल्या सेंटकडे बोट दाखवलं. तो सेंट तिला पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता, तेव्हा कारण नव्हतं, आता मिळालं. ऑफिसात सर्वानुमते ठरलं की हा ताण, आणि ताण म्हणताना सगळ्यांनी एकाच केबिनकडे पाहिलं. मावशीने बिबा उगाळून लावायला सांगितलं. बिब्याचा चीक कातडीवर लागला की फोड येतात. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. मी नम्रपणे फोन ठेवला.

मी स्वतः कुणापेक्षा शहाणा होतो असं नाही. माझा संशय सोसायटीत येणाऱ्या टँकरच्या पाण्यावर होता, कारण टँकर ठरवणाऱ्या सेक्रेटरींशी माझं पार्किंगवरून वाजलेलं होतं. त्यांना तीच आंघोळ करून काहीच होत नव्हतं, हा मुद्दा मी विचारात घेतला नाही.

तळमजल्यावरच्या काकांचं निदान सगळ्यात व्यापक. रस्त्यातला खड्डा असो, हापूसचा भाव असो, काका मूळ शोधत शोधत एका जुन्या राजकीय पक्षाच्या कारभारापर्यंत पोचतातच. माझी मान त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिली. "हे आजचं नाही," ते म्हणाले. "फार जुनं आहे."

"काका, जुलैपासूनच आहे."

"दिसायला लागलं जुलैपासून. मुळं जुनी असतात."

मेडिकलवाल्याने मात्र कुणावर आरोप केला नाही, ट्यूब दिली. चार दिवसांत चमत्कार. मान लोण्यासारखी. पाचव्या दिवशी ट्यूब संपली आणि पुरळ दुप्पट जोमाने परत आलं. मी दुसरी ट्यूब आणली. अशा तीन झाल्या.

गणपतीला आठ दिवस बहिणीकडे रत्नागिरीला गेलो आणि तिसऱ्या दिवसापासून खाज नाहीशी! इथे माझा प्रश्न सुटायला हवा होता. उलट प्रत्येकाचाच सुटला. आई म्हणाली, घरचं जेवण. बायको म्हणाली, सेंटची बाटली पुण्यात राहिली होती. ऑफिस म्हणालं, बॉस पुण्यात राहिला होता. मी मनाशी म्हणालो, विहिरीचं पाणी. त्या आठ दिवसांत मी रोज नऊ वाजेपर्यंत झोपत होतो, हे कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही.

एरवी मी पहाटे साडेपाचला टेकडीवर असतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मी ते सगळ्यांनाच मुद्दाम सांगतो. पुण्यात टेकडीवर जाणारे आणि न जाणारे असे दोन समाज आहेत आणि पहिल्याचं काम दुसऱ्याला लाजवणं. परतल्यावर चार दिवसांत मान पुन्हा पेटली, तेव्हा ऑफिसच्या म्हणण्यात तथ्य असावं, ताण घालवावा, म्हणून मी एकाच्या दोन फेऱ्या सुरू केल्या. वर स्वच्छता मोहिमेत एक रविवार तण उपटलं. हातमोजे वाटत होते, पण मी घेतले नाहीत. आपण शेतकऱ्याचे नातू.

सोमवारी माझे डोळे उघडेनात.

शेवटी त्वचेच्या डॉक्टर गाठल्या. त्यांनी मान वर करायला लावून हनुवटीखाली पाहिलं, कान पुढे दुमडून मागे पाहिलं. नुसत्या उन्हाचं असतं तर या सावलीच्या जागा बहुधा सुटल्या असत्या, म्हणाल्या; हे हवेतून येऊन बसतंय. मग ट्यूबा पाहिल्या. "ही कोणी दिली?" हे इतक्या थंड आवाजात विचारलं की मी मेडिकलवाल्याला वाचवायला "आठवत नाही" म्हणालो. त्यात स्टेरॉइड होतं. खाज दाबून टाकणारं, कारण तसंच ठेवणारं.

"सुरुवातीचे फोटो आहेत का?"

मी मोबाइल दिला. त्या माझ्या मानेचे फोटो एकेक सरकवत गेल्या आणि मानेऐवजी एका फोटोवर थांबल्या. दंवात भिजलेली नक्षीदार पानं, बारीक पांढरी फुलं, मागे सूर्य, वर गुलाबी अक्षरांत 'सुप्रभात'. कुटुंबाच्या ग्रुपवर त्याला एकवीस अंगठे मिळाले होते.

"हे कुठलं?"

"टेकडीवरचं. सुंदर आहे ना? पाऊस पडला की वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं होतं. मी मुद्दाम त्यातून चालतो."

"हे गाजर गवत आहे," डॉक्टर म्हणाल्या.

पुरळ शांत झाल्यावर ऑक्टोबरच्या उकाड्यात पाठीवर चाचणी झाली. चौकोनी पट्ट्या चिकटवून मार्करने खुणा केल्या. अठ्ठेचाळीस तास आंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही, पाठ खाजवायची नाही. तिसरी अट ऐकेपर्यंत माझी पाठ कधीच खाजत नव्हती. दोन रात्री पालथा झोपलो. बायको पाठीवरचं कॅलेंडर मोबाइलच्या उजेडात बघून हौजीसारखे आकडे पुकारायची.

पट्ट्या काढल्या. निकेल गप्प, चामड्यातलं क्रोमेट गप्प, सुगंधी द्रव्यं गप्प. एकच चौकोन लालभडक. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं, तो आणखी फुलला होता. पार्थेनियम.

"सेंटचा चौकोन नीट बघितलात ना?" बायकोने डॉक्टरांना विचारलं. फोनवर आईने विचारलं, "वांग्याचा चौकोन होता का रे?" नव्हता, म्हटल्यावर तिचा चाचणीवरचा विश्वासच उडाला.

मी या गवताबद्दल वाचून काढलं. मूळ अमेरिका खंडातलं, परदेशी गव्हाबरोबर इकडे आलं असं सांगतात. एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं. आणि आपल्या देशात ते पहिल्यांदा ठळकपणे नजरेत भरलं ते १९५५ च्या सुमारास, पुण्यात. नकोशा गोष्टीतही पहिला मान आपलाच, म्हणून क्षणभर ऊर भरून आला. मग खाजलाही.

जिन्यात काका उभेच होते. "काय निघालं?"

मी मुद्दाम इंग्रजी नाव सांगून दोन पायऱ्या चढलो. "पार्थेनियम म्हणून एक गवत असतं, काका."

"मराठीत काय म्हणतात?"

"गाजर गवत."

"आणखी काय म्हणतात?"

मी गप्प. काकांनी मोबाइल हातभर लांब धरून काहीतरी शोधलं. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर पसरला तो आनंद मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"अहो!" त्यांनी घरात हाक मारली. "बाहेर या आधी! यांची मान कशाने गेली माहितीये? काँग्रेस गवत! आणि साल किती? पंचावन्न!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, माझ्या मानेकडे बघून म्हणाल्या, "वांगं खाल्लं असेल."