नाण्यावरचा हत्ती

पश्याने चहाचे पैसे द्यायला दहाचं नाणं काढलं आणि बंड्याने त्याचा हात धरला. "थांब. यावर सिंह किती?"

"तीन."

"चार! चौथा पाठीमागे आहे."

"पाठीमागे म्हणजे नाण्यावर नाही. मला दिसतं तेवढंच मी मोजतो."

अण्णा चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांनी बशी खाली ठेवली. "सिंह सोडा, त्यांच्या पायाखाली बघा. मध्ये चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा."

पश्याने नाणं अंगठ्याने घासून डोळ्यांशी नेलं. घोडा त्याने मान्य केला. बैलाला मात्र तो शेवटपर्यंत डाग म्हणत राहिला.

"हत्ती आणि आणखी एक सिंहही आहे पट्टीवर," अण्णा म्हणाले, "पण त्यासाठी सारनाथच्या संग्रहालयात जाऊन शिल्पाला फेरी मारावी लागते. कागदावर एकच बाजू येणार. खालचं उलटं कमळ तर आपण मुद्दामच गाळलं, १९५० साली राजमुद्रा स्वीकारली तेव्हा. वर 'सत्यमेव जयते' घातलं, ते मुंडकोपनिषदातलं. अशोकाच्या खांबावर ते नाही."

"वर कुठे, खाली आहे," पश्याने तेवढ्यात नाणं दाखवलं.

बंड्याला असल्या तपशिलात रस नसतो. तो थेट २०२२ वर आला. नव्या संसदेवरचे साडेनऊ हजार किलोचे ब्राँझचे सिंह चिडलेले दिसतात, मूळचे शांत होते, वगैरे. अण्णा म्हणाले, साडेसहा मीटरचं शिल्प खालून बघितलं की जबडाच आधी दिसतो. आणि सारनाथच्या सिंहांनी तरी तोंड कुठे मिटलंय? शिल्पकारांपैकी एक, सुनील देवरे, आपल्या संभाजीनगरचे, हे पश्याने मध्येच घुसवलं. त्याचा मुद्द्याशी काय संबंध, ते त्यालाच माहीत.

मला मात्र दातांच्या या भांडणात खरी गोष्ट निसटते असं वाटतं. १९०४-०५ च्या उत्खननात सिंहांबरोबर एका मोठ्या दगडी चक्राचे तुकडेही निघाले. ते चक्र सिंहांच्या डोक्यावर होतं. म्हणजे चौघांचं काम डरकाळ्या फोडण्याचं नव्हतंच, वरचं धर्मचक्र पेलण्याचं होतं. ते फुटलं, आणि उरलेल्या बैठकीलाच आपण राजमुद्रा केलं.

"म्हणजे हमाल?" बंड्या म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प चहा प्यायला लागला.

शेवटी पश्याने नाणं टपरीवाल्यापुढे धरलं. त्याने ते उलटंसुलटंही केलं नाही.

"दहाची नाणी नकोत, साहेब. नोट द्या."