ज्याच्या हाताला कळते, त्याला विचारत कोण नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी १९ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले आणि आता गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात तेच काम करतो आहे. कामगार नाखूश का असतात, या प्रश्नाचे एकच उत्तर मी इतकी वर्षे सगळीकडे ऐकत आलो : पगार कमी. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि ते अपुरे असल्याचे मला जुन्या कारखान्यातील एका पावसाळ्यात कळले.

साच्याच्या वाळूत ओलावा प्रमाणाबाहेर गेला की तप्त लोखंड ओतताना पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, पोकळ्या राहतात. त्यांना आम्ही ब्लोहोल म्हणतो. आमच्याकडचे एक वयस्क मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणत, मूठभर वाळू दाबून तो गोळा मोडून पाहत आणि ओलावा किती आहे ते सांगत. त्या दिवशी ते सुपरवायझरना म्हणाले, "सायेब, वाळू वली हाय, आज नगं वतूया." फळ्यावर त्या पाळीचे उद्दिष्ट लिहिलेले होते, त्यामुळे ओतकाम झाले. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक माल रिजेक्ट करताना माझीच सही त्या कागदावर होती, आणि कारणाच्या रकान्यात, वरून आलेल्या सूचनेनुसार, मी "मोल्डरचा निष्काळजीपणा" असे लिहिले. त्याची खंत मला आजही आहे. त्यानंतरही मामा वाळू मुठीत घेऊन पाहत राहिले, मात्र बोलणे त्यांनी सोडून दिले.

माझ्या मते नोकरीतील दुःखाचे मूळ या ठिकाणी आहे. काम अवघड असल्याने माणूस इतका खचत नाही. अवघड काम नीट जमल्याचा अभिमान मी भट्टीवरच्या माणसांच्या चेहऱ्यावर अनेकदा पाहिला आहे. कामाची संपूर्ण जबाबदारी अंगावर असते आणि त्याच कामाविषयी बोलण्याचा अधिकार मात्र शून्य असतो, तेव्हा तो खचतो. रॉबर्ट कारासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ साली अमेरिका आणि स्वीडनमधील कामगारांच्या माहितीवरून हेच मांडले होते, की कामाचा भार जास्त आणि निर्णयाची मुभा कमी अशी स्थिती एकत्र आली की मानसिक ताण सर्वाधिक वाढतो. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ पासून जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात खालच्या श्रेणीतील माणसांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांपेक्षा कितीतरी अधिक आढळले, आणि १९८५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात, आपल्या कामावर ताबा नसणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे दिसून आले. म्हणजे गप्प बसावे लागण्याची किंमत माणूस शरीरानेही मोजतो.

पगाराचा प्रश्न मी बाजूला सारत नाही. कोल्हापुरी चप्पल शिवणारा कारागीर कातडे निवडण्यापासून वेणी घालण्यापर्यंत आपल्या कामाचा स्वतः मालक असतो, त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, तरीही त्याची मुले त्या कामात राहायला तयार नाहीत, कारण कष्टाच्या मानाने हाती पडणारे पैसे फार थोडे असतात. ताबा आहे आणि पोटापुरते नाही, हेही दुःखच आहे. जादा तासांना दुप्पट दराने मोबदला द्यावा, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेले होते. तरीही साध्या दराने ओव्हरटाइम घेऊन गुपचूप घरी जाणारी माणसे मी पाहिली आहेत. ती बोलत नाहीत, कारण त्यांपैकी बहुतेक जण ठेकेदाराकडचे असतात. एकाच यंत्रावर दहा-दहा वर्षे काम करणाऱ्या माणसाच्या ओळखपत्रावरील ठेकेदाराचे नाव बदलत राहते आणि प्रत्येक बदलाबरोबर त्याची नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. अशा माणसाने वाळू ओली आहे हे सांगण्याचा धोका का पत्करावा? नियुक्तिपत्र देणे नव्या कामगार संहितेने बंधनकारक केले आहे, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण ते पत्र ठेकेदाराच्याच नावाने आले, तर भीती तेवढीच राहील.

"प्रत्येकाला विचारत बसलो तर उत्पादन कधी काढायचे?" हे मालकमंडळींचे म्हणणे मी ऐकले आहे, आणि ऑर्डरची तारीख चुकली की काय होते हेही मला ठाऊक आहे. पण त्या पावसाळ्यात मामांचे ऐकून घ्यायला एक मिनिट लागले असते आणि न ऐकल्यामुळे जे लोखंड पुन्हा भट्टीत टाकावे लागले, त्याची वीज, मजुरी आणि पाळी कुणी मोजलीच नाही.

सध्याच्या कारखान्यात रिजेक्शनची बैठक वरच्या केबिनमध्ये होते. तिथे तपासणीवाले, सुपरवायझर आणि व्यवस्थापक असत. ज्याच्या हातून माल तयार झाला, तो नसे. प्रत्येक पाळीतील एका मोल्डरला त्या बैठकीत बोलवावे, अशी मागणी मी वर्षभर लावून धरली आणि गेल्या महिन्यात ती मान्य झाली. पहिल्या दिवशी आलेले मोल्डर दाराशीच उभे राहिले, खुर्चीवर बसा म्हणून त्यांना तीन वेळा सांगावे लागले, आणि बसल्यानंतर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की आपण इथे जे बोलू त्याबद्दल नंतर ठेकेदाराला काही कळवले जाणार नाही ना.