वाफेवर खापर फोडू नका

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'पृथ्वी तापते ती पाण्याच्या वाफेनं, माणसाच्या कार्बननं नव्हे. कार्बन वाढला की झाडं वाढतात, सगळं आपोआप जाग्यावर येतं. उष्णता उष्णतेला वाढवत असती तर पृथ्वी केव्हाच जळून गेली असती.' पाठवणाऱ्या काकांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

वाफ उष्णता धरते, हे खरंच. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात कुणालाही विचारा. डिसेंबरात आभाळ मोकळं असलं की पहाटे हुडहुडी भरते, बांधावरच्या दवानं पायतण भिजतं. हवा दमट, ढगाळ झाली की रात्री घोंगडी नकोशी होते. पण वाफ आपल्या मनानं वाढत नाही. हवा एका अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. तापली नाही, तर जादा वाफ आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा मात्र शेकडो वर्षं वरच राहतो. तो हवा तापवतो, तापलेली हवा जास्त वाफ धरते, ती वाफ हवेला आणखी तापवते. यालाच फीडबॅक लूप म्हणतात. स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञानं 1896 सालीच हा हिशेब मांडला होता. म्हणजे काकांनी दिलेला पुरावा त्यांच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जातो.

झाडांचं म्हणणं अर्धं खरं. झाडं, माती आणि समुद्र मिळून आपण सोडलेला जवळपास निम्मा कार्बन शोषतात. उरलेला हवेत साठतो, म्हणून तर हवेच्या दहा लाख भागांत पूर्वी 280 असलेलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण 420 च्या वर गेलं.

मग पृथ्वी जळाली का नाही? जितकी ती तापते, तितकी जास्त उष्णता अवकाशात टाकते. त्यामुळे चक्र बेलगाम सुटत नाही. (चार वर्षांत जग संपणार, असे मेसेजही म्हणूनच खोटे.) पण भर पडते, आणि ती थोडी नाही. बर्फाचंही असंच चक्र आहे: ताजा बर्फ 80 टक्क्यांहून जास्त ऊन परतवतो; तो वितळून उघडा पडलेला समुद्र 10 टक्केही नाही. नुसता कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान एक अंशाहून थोडं जास्त वाढेल. वाफ, बर्फ, ढग धरले तर सुमारे 3 अंश.

3 अंश म्हणजे हवेत पाचव्या हिश्श्याहून जास्त वाफ. 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा नदीचं पाणी बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकात शिरलं. त्या एका पुराचं सगळं खापर हवामानबदलावर फोडणार नाही. पण घाटावर तसा पाऊस पुन्हा लागेल, तेव्हा वरच्या ढगांत तेव्हापेक्षा जास्त पाणी असेल.