खडी नको, पाचट पसरा
लॉन काढा आणि तिथं खडी टाकून निवडुंग, घायपात लावा, हा अमेरिकेतल्या फीनिक्सकडे बघून दिलेला सल्ला सोलापुरात अर्धाच लागू पडतो. तिथं वर्षाला जेमतेम २०० मिमी पाऊस. आपण दुष्काळी असलो तरी आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त पडतो, आणि बराचसा सप्टेंबरात. काळी माती तेव्हा पाणी धरून बसते, निवडुंगाची मुळं सडतात. हौस असेल तर मुरूम-वाळूचा उंचवटा करून लावा.

खडी तर नकोच. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की भिंतीलगतची खडी रात्री उशिरापर्यंत धग सोडते. त्यापेक्षा उसाची पाचट, म्हणजे वाळलेली पानं, चार बोटं जाड पसरा. ओल टिकते, जमिनीला भेगाही कमी पडतात. खोडाला मात्र चिकटवू नका, वाळवी लागते. (इतकी कामाची वस्तू आपले लोक शेतात पेटवून देतात!)

झाडं म्हणाल तर डाळिंब, सीताफळ, शेवगा, कण्हेर, बोगनवेल. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे ते उगाच नाही. लॉन काढा, हे मात्र शंभर टक्के पटलं. आणि पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं सांडपाणी रोज झाडांना घालू नका, क्षार साचतात.